वेताळ पडद्यावर कुठे हरवला?

गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात डभोई नावाचे जुने तटबंदीचे गाव आहे. तेथील पूर्वेची वेस ‘हिरा भागोळ’ या नावाने ओळखली जाते. दगडावरील कोरीवकामासाठी ही वेस प्रसिद्ध आहे. तिच्या नावामागे अशी दंतकथा आहे की, ती घडविणाऱ्या हिरा नावाच्या शिल्पकाराला राजाने भिंतीत जिवंत चिणले. असे देखणे काम त्याच्या हातून पुन्हा कुठे होऊ नये म्हणून, असे काही जण सांगतात. राजाच्या बांधकामाचे दगड लंपास करून त्याने आपल्या प्रियेसाठी तलाव बांधला म्हणून, असे इतर सांगतात. भिंतीच्या फटीतून तूप ओतून त्याला जगविल्याचा भागही काही सांगण्यांत येतो. तपशील असे बदलत राहतात आणि त्यावरून कोणी भांडत नाही. मात्र हिराला भिंतीत चिणलेच नव्हते, असे कोणी सांगू लागला, तर ऐकणारा त्याला तिथेच थांबवील. कारण मग ती कथाच उरत नाही.

चित्रकथेवरून काढलेला चित्रपट चाहत्यांना का रुचत नाही, हे समजून घेण्यास ही कसोटी उपयोगी पडते. नायकाचा पोशाख बदलला, प्रसंग गाळले, अशा तक्रारी नेहमीच होतात. परंतु जो बदल चाहते कधीच विसरत नाहीत, तो बहुधा कथेच्या मुळावर झालेला असतो. मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना प्रिय असलेल्या वेताळाच्या बाबतीत नेमके हेच घडले. ‘द फँटम’ हा इंग्रजी चित्रपट ७ जून १९९६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यावर सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्च झाले होते. अमेरिकेतील चित्रपटगृहांतून जेमतेम १ कोटी ७३ लाख डॉलरचे उत्पन्न झाले आणि पुढचे भाग काढण्याचा विचार तिथेच संपला.

मराठीत आलेला वेताळ

ली फॉक या अमेरिकी लेखकाची ‘फँटम’ ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रांतून सुरू झाली. सुपरमॅनच्या अवताराला तेव्हा दोन वर्षांचा अवकाश होता. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा, हे पुढे असंख्य नायकांनी उचललेले रूप चित्रकथांत रूढ केले ते फँटमने.

भारतात ही कथा घरोघरी पोहोचली ती टाइम्स समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे. मार्च १९६४ मध्ये पहिला अंक निघाला, तो फँटमचाच होता. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी हेही आले. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये घडविलेला ‘बहादूर’ हा देशी नायकही याच अंकांतून वाचकांना भेटला. इंग्रजीबरोबरच मराठी, गुजराती, हिंदी आणि इतर भारतीय भाषांत अंक निघत असल्यामुळे डभोईसारख्या, एके काळी गायकवाडांच्या बडोदा संस्थानात असलेल्या गावात एकच कथा गुजराती घरात गुजरातीतून आणि शेजारच्या मराठी घरात मराठीतून वाचता येत होती. १९९० मध्ये ही मालिका बंद पडली.

मूळ कथेतील काही नावे भारतीय आवृत्तीत मुद्दाम बदलण्यात आली होती. ‘बंगाली’ नावाचा देश ‘डेंकाली’ झाला, ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. आपल्याकडील प्रदेशाचे आणि समाजाचे नाव चाचेगिरीशी जोडले जाऊ नये, हा त्यामागचा उघड हेतू. वाचकांच्या हाती आलेला वेताळ अशा रीतीने आधीच एक रूपांतर होता. पोशाखाच्या रंगाबाबत तर मूळ असे काही नव्हतेच म्हटले तरी चालेल. फॉक यांच्या मनात करडा रंग होता. अमेरिकेत रंगीत छपाई सुरू झाली तेव्हा तो जांभळा झाला. स्वीडनमध्ये तो निळा छापला गेला, इटलीत लाल. म्हणजे, एवढेसेही बदलू नये असा चाहत्यांचा हट्ट असतो, हा समज वेताळाच्या वाचकांना तरी लागू पडत नाही.

नावाचा योग

मराठी नाव मात्र विलक्षण जुळून आले. मूळ कथेत फँटमला जंगलातील लोक ‘चालते-फिरते भूत’ म्हणतात. तो मरत नाही, चारशे वर्षे जंगलात फिरतो आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. गोव्यात आणि दक्षिण कोकणात वेताळ हे केवळ भुताचे नाव नाही. आमोणे, पैंगीण, लोलये येथील वेताळ म्हणजेच बेताळ हा गावाचा राखणदार देव आहे. सिंधुदुर्गातील आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठमोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या शिवेवर फेरी घालतो आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात, अशी त्यामागची श्रद्धा आहे. दिसत नाही, पण फिरत असतो. त्याचा धाक दुष्टांना आणि आधार गावाला, ही कल्पना येथील वाचकाला नवी नव्हती. इंद्रजालमधील वेताळ त्याला परका वाटला नाही, याचे एक कारण या नावातच होते.

कथेचा कणा

वेताळाच्या कथेचे मूळ असे : सोळाव्या शतकात चाच्यांच्या हल्ल्यातून एकच तरुण वाचतो आणि किनाऱ्याला लागतो. बांदर जमातीचे लोक त्याला जगवितात. आपल्या पित्याला मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो की, आपण आणि आपल्यामागून आपले वंशज चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढत राहतील. तेव्हापासून पित्यामागून पुत्र तोच मुखवटा चढवितो. आपण वाचतो तो एकविसावा वेताळ. जगाला मात्र तो एकच माणूस वाटतो.

यातील महत्त्वाची गोष्ट ही की, वेताळाकडे कोणतीही दैवी शक्ती नाही. तो उडत नाही आणि गोळी लागली तर मरू शकतो. त्याचे बळ लोकांच्या मनातील समजुतीत आहे आणि त्या समजुतीमागे वीस पिढ्यांचे श्रम आहेत. कवटीगुहेत पूर्वजांच्या हकिकतींच्या जाडजूड वह्या आहेत. त्या वाचून तो शिकतो आणि आपले प्रकरण त्यात लिहून ठेवतो. हे गुपित फार थोड्यांना ठाऊक असते आणि वाचक त्या थोड्यांपैकी एक असतो. शाळकरी वयात इंद्रजाल वाचणाऱ्याला मिळालेला खरा आनंद गुपितात सामील असल्याचा होता.

चित्रपटाने काय केले?

सायमन विन्सर दिग्दर्शित चित्रपटाने बाह्य रूप बरेच सांभाळले. बिली झेनने जांभळा पोशाख घातला. पांढरा घोडा, लांडगा, कवटीची अंगठी, गुहा, डायना हे सारे जागेवर होते. मुखवटा बदलला, अशी तक्रार करण्यास चाहत्यांना फारशी जागाच नव्हती. तरीही ‘हा आपला वेताळ नव्हे’ ही भावना उरली.

पहिले कारण कथानक. एकत्र आल्यावर अफाट शक्ती देणाऱ्या तीन जादुई कवट्या आणि त्यांच्या मागे लागलेला न्यूयॉर्कचा धनाढ्य खलनायक, अशी ती खजिन्याच्या शोधाची गोष्ट आहे. ती इंडियाना जोन्सच्या वळणाची आहे आणि पटकथाकार जेफ्री बोम यांनी त्या मालिकेतील तिसरा चित्रपट लिहिलेलाही होता. कवट्यांमधून खरीखुरी किरणे निघू लागली आणि मृत पित्याचे भूत खरोखरच पुत्राशी बोलू लागले, तेव्हा वेताळाचे वेगळेपण संपले. ज्या कथेचे सार ‘भूत नाही, माणूस आहे’ हे होते, तिच्यात चित्रपटाने भूत आणून बसविले.

दुसरे कारण सूर. चित्रपट गंभीर साहस आणि हलकीफुलकी थट्टा यांच्यामध्ये हेलकावे खातो. निर्मात्यांपैकी एक असलेले जो डान्टे यांनी पुढे सांगितले की, आरंभीची संहिता विनोदी अंगाने लिहिलेली होती आणि ती तशी आहे हे लक्षात न घेता चित्रीकरण झाले. चित्रपट पाहिलेल्यांना हे स्पष्टीकरण पटते.

तिसरे कारण काळाची निवड. कथा १९३८ मध्ये घडते, म्हणजे वसाहतींच्या काळात. जंगलातील काळ्या लोकांचा रक्षक गोरा माणूस, हा वेताळाच्या कथेवरील जुना आणि रास्त आक्षेप आहे. फॉक यांनी काळानुसार तिच्यात बदल केले होते. साठच्या दशकापासून कथेतील देश स्वतंत्र झाला, लुआगा हा तेथील कृष्णवर्णीय डॉक्टर अध्यक्ष म्हणून निवडून आला आणि डायना संयुक्त राष्ट्रसंघात काम करू लागली. भारतातील वाचकांनी वाचला तो बऱ्याच अंशी हा पुढे आलेला वेताळ होता. चित्रपटाने त्याला उचलून पुन्हा मागे नेऊन ठेवले.

चाहत्यांची तीन मते

चित्रपटाविषयी चाहत्यांची मते ढोबळमानाने तीन गटांत पडतात. पहिला गट निराश झालेल्यांचा. घोडा, गुहा आणि अंगठी दाखविली म्हणजे वेताळ दाखविला असे होत नाही, असे तो म्हणतो. दुसरा गट काळाबरोबर मवाळ झालेला आहे. आजचे अतिमानवांचे चित्रपट काळोखे, लांबलचक आणि संगणकाने भारलेले असतात. त्या तुलनेत निर्मळ मनाचा, हसतमुख, खऱ्या जंगलात खऱ्या घोड्यावर बसलेला हा नायक त्याला सुखावतो. या गटाच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे. २००९ मध्ये आलेल्या दोन भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेने वेताळाला आजच्या काळात आणताना त्याचा पोशाखही टाकून दिला. ती पाहिल्यावर अनेकांना १९९६ च्या चित्रपटाचा निदान आदरभाव तरी जाणवला. तिसऱ्या गटाचे म्हणणे असे की, दोष चित्रपटाचा नव्हे, काळाचा. ‘द रॉकेटियर’ (१९९१) आणि ‘द शॅडो’ (१९९४) हे जुन्या वळणाच्या नायकांचे चित्रपटही अपेक्षेप्रमाणे चालले नव्हते.

तिन्ही मतांत तथ्य आहे. पण तिसऱ्या मतावर एक प्रश्न उरतो. जुना नायक नव्या प्रेक्षकाला नको असतो, हे खरे असते तर १९३९ सालचा बॅटमॅन १९८९ मध्ये पडद्यावर एवढा यशस्वी कसा झाला? त्या चित्रपटाने बरेच बदलले, पण आई-वडिलांच्या हत्येने झपाटलेला माणूस हा कणा बदलला नाही. जुनेपणा आड येत नाही, कणा मोडला की मात्र सावरता येत नाही.

मराठी वाचकाचे नुकसान

अमेरिकी निर्मात्याचे पैसे बुडाले, एवढ्यापुरतीच ही गोष्ट असती तर गोव्यातील वाचकाने तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. येथील नुकसान वेगळे आहे. इंद्रजाल बंद पडून सहा वर्षे झाली होती. नवी मुले मराठीतून वेताळ वाचत नव्हती. चांगला चित्रपट निघाला असता तर जुन्या अंकांना पुन्हा मागणी आली असती आणि आई-वडिलांनी मुलांच्या हाती ते मराठीतून दिले असते. ती संधी गेली. आज पन्नाशी-साठी ओलांडलेले वाचक जुने अंक जपून ठेवतात; त्यांच्या नातवंडांना मात्र अमेरिकी अतिमानवांची नावे इंग्रजीत किंवा हिंदीत पाठ असतात. परका नायक मराठी नाव घेऊन घरचा होण्याची प्रक्रिया तिथे थांबली.

मराठी चित्रपटानेही मुखवट्याचा नायक एकदा आणून पाहिला आहे. निखिल महाजन दिग्दर्शित आणि श्रेयस तळपदे अभिनीत ‘बाजी’ २०१५ मध्ये आला. गावाच्या स्मरणात असलेली रक्षकाची दंतकथा आणि तिच्याआड उभा असलेला साधा माणूस, ही त्याची कल्पना वेताळाच्या फार जवळची होती. प्रेक्षकांचा प्रतिसाद मात्र अपेक्षेइतका लाभला नाही आणि ती वाट पुढे रुंदावली नाही.

पुढे कोणी मराठीत असा चित्रपट करू धजला, तर १९९६ च्या फसलेल्या प्रयत्नातून एवढे घेता येईल : पोशाख आणि घोडा सांभाळणे सोपे असते, लोक कशावर विश्वास ठेवतात, हे सांभाळावे लागते. आरवलीला चपला वाहणाऱ्याने देवाला चालताना पाहिलेले नसते, झिजलेल्या चपला त्याला पुरतात. इंद्रजालच्या वाचकालाही एवढेच पुरत होते. चित्रपटाने मात्र त्याला चमकणाऱ्या कवट्या दाखविल्या.