तारापूर बघायला जायचं म्हटलं की

भोर तालुक्यातल्या कामथडीच्या परिसरात वीज म्हटली की भाटघर आठवतं. धरणाचं पाणी, त्यावर फिरणारं टर्बाइन, १६ मेगावॉट. अणुवीज मात्र लांबची आणि भीतीची. तारापूरच्या अणुवीज केंद्रात मुलांची सहल न्यायची म्हटली, तर पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: मुलांना काही बाधणार तर नाही ना?

गैरसमज: तिथं नुसतं जाऊन आलं तरी किरणोत्सर्ग बाधतो.
वस्तुस्थिती: आधी परवानगी, ओळखपत्राची तपासणी, मग ठरवून दिलेल्या वाटेनंच फिरणं. भट्टीच्या गाभ्याजवळ पाहुण्यांना कुणी नेत नाही. माती, खडक आणि आकाशातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतच असतो. अणुकेंद्रामुळे जनतेला त्यावर मिळू शकणाऱ्या मात्रेची कायदेशीर मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे.

गैरसमज: अणुभट्टी म्हणजे पेरून ठेवलेला बॉम्ब.
वस्तुस्थिती: युरेनियमच्या बॉम्बमधल्या युरेनियमात सुमारे ९० टक्के युरेनियम-२३५ असावं लागतं. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांत नैसर्गिक युरेनियम वापरतात. त्यात ते जेमतेम ०.७ टक्के. बॉम्बसारखा स्फोट तिथं होऊच शकत नाही. अपघात मात्र होऊ शकतो, आणि हे लपवण्यात कुणाचंच भलं नाही. २०११ मध्ये फुकुशिमाच्या भट्ट्या बंद झाल्या, तरी इंधनातली उष्णता उरली होती. भूकंपानं बाहेरची वीज तोडली, त्सुनामीनं जनित्रं बंद पाडली, थंड करणारं पाणी पोचेना, इंधन वितळलं. म्हणून तारापूरला गेलात तर हे जरूर विचारा: सगळी वीज गेली तर भट्टीला पाणी कसं मिळतं?

गैरसमज: अणुकेंद्राच्या रुंद मनोऱ्यातून विषारी धूर निघतो.
वस्तुस्थिती: ती पाण्याची वाफ. तसे मनोरे कोळशाच्या केंद्रांनाही असतात. तारापूरला तर थंड करायला समुद्राचंच पाणी वापरतात, त्यामुळे असे मनोरे लागत नाहीत.

गैरसमज: विरोध करणाऱ्यांना एकदा केंद्र दाखवलं की विरोध मावळतो.
वस्तुस्थिती: हा गैरसमज शिकल्यासवरल्यांचा, आणि मला तो जास्त सलतो. तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. जैतापूरच्या सुमारे १० हजार मेगावॉटच्या नियोजित अणुप्रकल्पासाठी माडबन परिसरात ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली; साखरी नाट्याचे मच्छीमार विचारत राहिले, की समुद्रात कोमट पाणी सोडल्यावर मासळीचं काय? टर्बाइन दाखवणं हे त्याचं उत्तर नव्हे. भाटघर, नीरा-देवघर आणि गुंजवणीच्या पाण्याखाली ज्यांची शेतं गेली, त्या भोर-वेल्ह्याला हे कुणी समजावायला नको. इथल्या शाळांनी तारापूरची सहल जरूर काढावी, आणि परतताना विस्थापितांच्या वसाहतीतही तासभर थांबावं.