गोठवलेलं भ्रूण, वाढणारं वय
उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये, बारीक काडीच्या टोकाला ठेवलेलं भ्रूण वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं. वय वाढतं ते आईबापांचं. २५ जानेवारी २०२२ला लागू झालेल्या सरोगसी कायद्याने पत्नीला २३ ते ५०, पतीला २६ ते ५५ अशी वयोमर्यादा घातली आणि आधीच भ्रूण गोठवून ठेवलेली काही जोडपी अधांतरी लटकली. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दिलासा दिला: कायदा लागू होण्याआधी सरोगसीसाठी भ्रूण गोठवलं असेल, तर वयाची अट आड येणार नाही. बाकी अटी कायम. सरोगेटला मोबदला नाही, फक्त वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा (एवढ्यावर कोण तयार होणार, हा प्रश्न उरतोच). भ्रूण साठवण्याची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं.