पायातलं पातं

डायव्हिंगला निघालेल्या होडीत जे सामान चढतं त्यातलं जवळपास सगळं माणसाला पाण्याखाली जिवंत ठेवण्यासाठी असतं. सिलिंडर श्वासासाठी, मुखवटा दिसण्यासाठी, शिशाची वजनं खाली राहण्यासाठी, जॅकेट वर येण्यासाठी. त्याला पुढे नेणारी वस्तू एकच, पायात घालायचा फिन. आणि मालवणच्या किनाऱ्यावर मी पाहिलं त्याप्रमाणे सगळ्यात बेफिकिरीने होडीत फेकली जाते तीही हीच.

संपादकांनी मला पाठवलं होतं तारकर्ली-मालवणच्या स्कूबा पर्यटनावर लिहायला. एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था, सिंधुदुर्ग किल्ल्यामागचं प्रवाळ, हंगामातली गर्दी, पावसाळ्यातली बंदी, या सगळ्याची टिपणं झाली. पण होडीवर सामान सांभाळणारा एक तरुण फिनचे जोड लावत होता आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. तो प्रत्येक फिनचं टोक तळहाताने दाबून वाकवून बघायचा आणि मग ठरवायचा, हा कोणाला द्यायचा. मापाचा आकडा त्याने एकदाही वाचला नाही.

आपल्याकडे पोहायला शिकवण्याची जुनी साधनं सगळी तरंगण्याची. पाठीला सुका भोपळा, पांगाऱ्याचं हलकं लाकूड, नंतरच्या काळात पत्र्याचा झाकणबंद डबा. विहिरीत ढकललेलं पोर बुडणार नाही, एवढीच त्यांची हमी. पुढे सरकायचं ते आपापल्या हातापायांनी. पुढे सरकण्यासाठी अंगावर काही बांधावं हा विचार वेगळा आहे, आणि तो अंमलात आणणाऱ्या माणसांत सगळ्यात प्रसिद्ध आहे बॉस्टनमधला एक खटपट्या मुलगा.

बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा जेमतेम अकराएक वर्षांचा असावा. त्याने लाकडाच्या दोन लंबगोल फळ्या केल्या, सुमारे 10 इंच लांब आणि 6 इंच रुंद, अंगठा अडकवायला भोक पाडलेल्या. चित्रकाराची रंगाची पाटी असते तशा. पुढे नेताना कडेने, मागे ओढताना सपाट बाजूने. पुढे कित्येक वर्षांनी एका पत्रात त्याने लिहिलं की वेग वाढला, पण मनगटं दमून गेली. तळपायांना चपलांसारखं काही बांधूनही त्याने बघितलं. तेही पटलं नाही, कारण पोहताना जोर केवळ तळव्याचा नसतो, पावलाची आतली बाजू आणि घोटाही त्यात असतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. 1968 मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली. विजेच्या प्रयोगांपेक्षा मला त्याचं हे फसलेलं यंत्र जास्त आवडतं, कारण त्याचा दोष त्याने नेमका ओळखला होता. हाताचं मनगट हा शरीरातला नाजूक सांधा. मोठं पातं बांधायचं तर ते मांडीसारख्या दणकट स्नायूच्या दुसऱ्या टोकाला बांधायला हवं. पण त्यासाठी लाकूड कामाचं नव्हतं. वाकणारं आणि वाकून परत सरळ होणारं काहीतरी हवं होतं.

ते मिळायला रबर यावं लागलं. फ्रेंच नौदलातले अधिकारी लुई द कोर्लिए यांनी 1914 मध्ये आपल्या सहकाऱ्यांसमोर पहिला नमुना दाखवला. मग युद्ध आलं. 1924 मध्ये त्यांनी नौदल सोडलं ते याच कामासाठी, आणि पेटंट घेतलं 1933 मध्ये. कल्पना दाखवण्यापासून पेटंटपर्यंत 19 वर्षं. पॅरिसमध्ये मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं 1939 मध्ये, म्हणजे पुन्हा युद्धाच्या तोंडावर. माणसाचं नशीबच म्हणायचं.

दुसरा माणूस अमेरिकन, ओवेन चर्चिल. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेला हौशी दर्यावर्दी. ताहितीला गेला असताना तिथली मुलं पायाला झावळ्यांचे विणलेले, डांबर लावून कडक केलेले पंखे बांधून पोहताना त्याने पाहिली, असं सांगतात. कोर्लिए यांच्याकडून परवाना घेऊन त्याने रबरी फिन बाजारात आणले. पहिल्या वर्षी, 1940 मध्ये, 946 जोड खपले. हौशी खेळ म्हणून धंदा बेताचाच होता. तो वाढवला युद्धाने. अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या पाणबुड्या सैनिकांनी हे फिन घेतले. इटलीचा लुइजी फेरारो तर 1943 मध्ये तुर्कस्तानच्या बंदरांत वकिलातीतला कारकून म्हणून वावरत होता आणि रात्री पोहत जाऊन शत्रूच्या मालवाहू जहाजांच्या बुडाला सुरुंग चिकटवत होता. हाच फेरारो पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्रेस्सी कंपनीसाठी ‘रोंदिने’ नावाचा फिन तयार करून मोकळा झाला. टाच झाकणारा, बुटासारखा अख्खा पाय आत घेणारा. आज पोहण्याच्या तलावावर मुलांच्या पायात जे दिसतात ते या घराण्यातले. मालवणच्या होडीतले मात्र बहुतेक दुसऱ्या प्रकारचे होते, टाच उघडी आणि मागे पट्टा असलेले.

इतिहास इथेच सोडते, कारण खरी गंमत पात्याच्या वाकण्यात आहे.

जमिनीवर पाय मागे ढकलला की जमीन हलत नाही, म्हणून आपण पुढे जातो. पाण्यात पाय ढकलला की पाणीच पळतं, आणि त्या पळणाऱ्या पाण्याबरोबर आपली मेहनतही वाहून जाते. हवा तेवढा जोर मिळवायला दोन वाटा असतात. थोडं पाणी जोरात फेकायचं, किंवा पुष्कळ पाणी सावकाश ढकलायचं. पाण्याचा वेग दुप्पट केला तर त्याच पाण्यात जाणारी ऊर्जा चौपट होते, म्हणून दुसरी वाट स्वस्तात पडते. उघडं पाऊल पहिल्या वाटेने जातं, फिन दुसऱ्या. सायकलचा गिअर बदलावा तसं हे आहे: पायातली ताकद तेवढीच राहते, ती खर्च करण्याची पद्धत बदलते.

2002 मध्ये पाओला झांपारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची मोजदाद प्रसिद्ध केली. फक्त पाय मारून पोहणाऱ्यांना त्यांनी फिनसह आणि फिनशिवाय तपासलं. वेग तोच ठेवला तर फिन घातल्यावर ऊर्जेचा खर्च सुमारे 40 टक्क्यांनी उतरला. लाथेचा पल्ला जेमतेम 10 टक्के कमी झाला, पण लाथांची गती मात्र 40 टक्क्यांनी खाली आली. बचत इथे आहे. पाय वरखाली हलवण्यातच जी ताकद जाते, ती वाचते. तेवढ्याच श्रमात वेग वाढतो तो सेकंदाला साधारण 20 सेंटिमीटर. ऐकायला किरकोळ, पण समोरून प्रवाह येत असेल तर तेवढ्यानेच जागच्या जागी राहणं आणि पुढे जाणं यातला फरक ठरतो.

आता पातं पूर्ण ताठ केलं तर? तर पाय खाली जाताना ते पाणी खाली ढकलेल, वर येताना वर, आणि माणूस जागच्या जागी डोलत राहील. पातं पायाच्या थोडं मागे राहायला हवं. पाय खाली निघाला की टोक पाण्याच्या दाबाने वर वाकतं, पात्याची सपाट बाजू तिरकी होऊन मागे तोंड करते आणि पाणी मागे सरकतं. परतीच्या लाथेला उलट. टोक किती वाकावं हा सगळा प्रश्न. फार मऊ असेल तर पातं नुसतं लोळतं. फार कडक असेल तर मांडी भरून येते. तो होडीवरचा तरुण तळहाताने हेच बघत होता. “ह्या ताईंना मऊ द्या, उद्या चालता नाही येणार नाहीतर,” असं तो सहकाऱ्याला म्हणाला, आणि ताई म्हणजे मी होते.

कंपन्यांनी या वाकण्याशी केलेले खेळ पुष्कळ. फ्रान्सच्या जॉर्ज ब्यूशा यांनी 1964 मध्ये ‘जेटफिन’ आणला, पावलाच्या पुढे पाणी जाऊ देणाऱ्या फटी असलेला जड रबरी फिन. तो अजून विकला जातो. नव्वदीच्या दशकात पातं मधोमध चिरलेले फिन आले. चिरलेलं पातं घोट्याला सोपं जातं, हे खरं, पण उलट्या लाथेने मागे सरकायचं किंवा जागेवर वळायचं तर त्याची पकड कमी पडते, असं मालवणचे गाईड सांगतात. त्यांच्या पायात जुन्या ढंगाचे जड रबरीच होते. दोन्ही पायांना मिळून एकच रुंद पातं, म्हणजे मोनोफिन, ही सोव्हिएत संघातल्या जलतरणपटूंनी सत्तरीच्या दशकात पुढे आणलेली गोष्ट. तिने फिन-जलतरणाचे विक्रम इतके पुढे नेले की 50 मीटर अंतर तिथे सुमारे 15 सेकंदांत कापलं जातं. साध्या जलतरणात पुरुषांना याच अंतराला 20 सेकंदांहून अधिक लागतात. म्हणूनच जागतिक जलतरण संघटनेच्या नियमांत फिन, जाळीदार हातमोजे, वेग वाढवणारं कुठलंही साधन शर्यतीत बाद आहे. इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांनाही साधा पोशाख, टोपी, चष्मा आणि अंगाला वंगण एवढ्यावरच भागवावं लागतं.

इथवर कौतुक. आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत.

पहिली घोट्याची. पातं मागे तोंड करून राहायचं तर पाऊल नर्तकीसारखं ताणलेलं लागतं. आयुष्यभर खुर्चीत बसलेल्या माणसाचा घोटा तेवढा ताणत नाही. मग तो गुडघ्यातून पाय मारायला लागतो आणि पाणी खाली-वर घुसळतो. गाईड याला ‘सायकल मारणं’ म्हणतात आणि दिवसभर तेच ओरडत असतात, मांडीतून मारा, मांडीतून. दुसरी तक्रार पोटरीला येणाऱ्या पेटक्याची. त्यावर उपाय असा की थांबायचं, पात्याचं टोक हाताने धरून आपल्याकडे ओढायचं आणि पोटरी ताणायची. उपाय सोपा आहे, पण घाबरलेल्या माणसाला पाण्यात टोक सापडत नाही.

किनाऱ्यावर तर फिन म्हणजे शिक्षाच. पुढे चाललात तर पातं वाळूत रुतून तोंडावर पडाल, म्हणून लाटांतून आत जायचं ते उलटं, पाठीमागे चालत. होडीवरून उतरताना तो शेवटी घालायचा, चढताना पायरी हातात आल्यावरच काढायचा. वर येण्याच्या घाईत आधीच काढला आणि प्रवाह असला, तर माणूस होडीपासून वाहवत जातो.

मग पट्टा. उघड्या टाचेच्या फिनचा सगळा जीव मागच्या रबरी पट्ट्यात आणि दोन प्लॅस्टिकच्या बकलांत असतो. खारं पाणी आणि ऊन रबराला भेगा पाडतात, बकल ऐन वेळी निखळतं. होडीवरच्या तरुणाने आपल्या जोडीला स्टीलच्या स्प्रिंगचे पट्टे बसवले होते, पदरचे पैसे घालून. संध्याकाळी सगळे जोड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत आडवे ठेवणं हे त्याचंच काम. टोकावर उभे करून ठेवले तर पातं कायमचं वाकडं होतं, हे तो नव्या पोरांना रोज सांगतो आणि पोरं रोज उभे करून ठेवतात.

हाताला बांधायच्या फळ्यांची, म्हणजे पॅडलांची, तक्रार फ्रँकलिनच्या काळापासून बदललेली नाही, फक्त मनगटाऐवजी आता खांद्याची पाळी आहे. जलतरण प्रशिक्षणात ती सर्रास वापरतात, ताकद वाढवायला; आणि अंगापेक्षा मोठं पॅडल घेऊन खांदे दुखवून घेतलेली मुलंही तितकीच सर्रास सापडतात.

प्रवाळाची बाजू सगळ्यात गंभीर. फिन घातला की माणसाची लांबी वाढते, पण त्याच्या मेंदूला ते कळत नाही. मागे काय मोडलं हे त्याला दिसतही नाही. तळाची वाळू उडते आणि प्रवाळावर बसते. एका लाथेने तुटलेली फांदी परत वाढायला कित्येक वर्षं जातात. गुडघे वाकवून, पाती तळापासून वर ठेवून, बेडकासारखं बाजूला लोटायची लाथ यासाठीच शिकवतात. पण ती शिकायला वेळ लागतो, आणि एका दिवसाच्या पर्यटकाकडे वेळ नसतो.

मी बसले होते त्या होडीवर यावर तोडगा असा होता की बहुतेक पर्यटकांना फिन द्यायचेच नाहीत. फिन गाईडच्या पायात. गाईड सिलिंडर धरून पर्यटकाला ओढत नेणार, फोटो काढून देणार आणि वर आणणार. सुरुवातीला मला हा प्रकार फसवणुकीसारखा वाटला. विचार केल्यावर वाटलं, प्रवाळाच्या दृष्टीने तो वाईट नाही. पण त्याची किंमत गाईडच्या मांड्या मोजतात. दोन माणसांचा भार ओढणारी लाथ, दिवसभर, हंगामभर. पाण्याखालच्या त्या कष्टाचा पर्यटकाच्या पावतीत कुठे उल्लेख नसतो. शक्य असेल तर त्यांना वर आल्यावर वेगळे पैसे द्या, आणि खाली असताना पाय हलवू नका.

ज्यांना खरंच शिकायचं आहे त्यांना एक सांगते. डायव्हिंगच्या आंतरराष्ट्रीय प्राथमिक अभ्यासक्रमात पोहण्याच्या परीक्षेला सहसा दोन पर्याय असतात: कशाच्याही मदतीशिवाय 200 मीटर, किंवा मुखवटा, नळी आणि फिन घालून 300 मीटर. पहिला पर्याय घ्या. तो जमत नसेल तर फिन विकत घेण्याआधी चार महिने तलावावर जा.