गावच्या शाळेचा पैसा अडतो कुठे?

आयकराच्या हिशेबात अखेरीस एक ओळ ‘आरोग्य व शिक्षण उपकरा’ची असते: जेवढा कर बसला, त्यावर आणखी ४ टक्के. चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत सिरुसेरी येथे ‘सिपकॉट’ या तमिळनाडूच्या सरकारी औद्योगिक महामंडळाचे मोठे आयटी पार्क आहे. टीसीएससारख्या कंपन्यांतल्या तिथल्या नोकरदारांच्या पगारातूनही हा उपकर कापला जातो. सिरुसेरी मुळात चेंगलपट्टू जिल्ह्यातल्या तिरुपोरूर पंचायत युनियनमधले (आपल्याकडच्या पंचायत समितीसारख्या गटातले) एक गाव. इथे कापलेला पैसा याच पंचक्रोशीतल्या प्राथमिक शाळेत पोचायचा, तर त्याला आधी दिल्लीला जावे लागते. २०२४-२५ साली तमिळनाडूच्या वाट्याचा ‘समग्र शिक्षा’चा पैसा दिल्लीहून आलाच नाही.

असे का झाले हे कळण्यासाठी ग्रामीण शाळेचा खर्च कोण भागवतो, ते पाहावे लागते. सर्वांत मोठा खर्च पगाराचा आणि तो राज्य सरकार करते. तमिळनाडूत पंचायत युनियनच्या शाळांमधले शिक्षक १९८१ पासून राज्याचे कर्मचारी झाले. महाराष्ट्रात १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आहेत, पण शिक्षकांच्या वेतनाचा पैसा येतो राज्याच्याच तिजोरीतून. पगार वजा केल्यावर जे उरते, त्यावर शाळा रोजची चालते: खडू, विजेचे बिल, नळाची तोटी, स्वच्छतागृहाचे दार, गळके छप्पर. हा दुसरा भाग आकाराने लहान असतो आणि बव्हंशी केंद्राच्या योजनांवर अवलंबून असतो.

त्यांतली मुख्य योजना म्हणजे ‘समग्र शिक्षा’. सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-शिक्षणाची योजना एकत्र करून ती २०१८ साली सुरू झाली. बहुतेक राज्यांत खर्चाचा वाटा केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. तिच्यातले शाळा अनुदान पटावर ठरते. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख. यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. २५ मुलांच्या वस्तीशाळेला म्हणजे महिन्याला ८३३ रुपये मिळतात. छप्पर २५ मुलांवर गळले काय आणि २५० मुलांवर गळले काय, पत्र्याचा भाव तोच असतो. पटावर आधारलेल्या सूत्राला हे दिसत नाही. महाराष्ट्रातले कितीतरी मुख्याध्यापक विजेचे बिल आधी खिशातून भरतात आणि अनुदानाची वाट पाहतात, ते यामुळेच.

रक्कम लहान, त्यात तिचा प्रवास लांबचा. राज्याने वार्षिक आराखडा पाठवायचा, दिल्लीतल्या प्रकल्प मान्यता मंडळाने तो मंजूर करायचा, केंद्राने हप्ता सोडायचा, राज्याने आपला वाटा त्यात घालायचा आणि मग तो राज्याच्या एकाच मुख्य खात्यात जमा व्हायचा. २०२१ मध्ये केंद्रपुरस्कृत योजनांसाठी ही एका खात्याची पद्धत आली. शाळेच्या हाती उरते ती शून्य शिल्लकीच्या खात्यावर खर्चाची मर्यादा. पैसा बँकांमध्ये निजून राहू नये, हा हेतू योग्यच होता. पण हप्ता उशिरा आला की शाळेला मार्चअखेरीस थोड्या दिवसांत सगळे उरकावे लागते, आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा गेली की गेली.

या साखळीत प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी सही करायची असते. तमिळनाडूत नेमकी एक सही अडली. २०२४-२५ साठी राज्याचा ३,५८६ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला होता. त्यात केंद्राचा वाटा २,१५२ कोटी. त्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, केंद्राने ‘पीएम श्री’ ही निवडक शाळांना आदर्श बनवण्याची वेगळी योजना मंजूर केली होती. तिच्या सामंजस्य करारात नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राबवण्याचे कलम होते. १९६८ पासून द्विभाषा सूत्र पाळणाऱ्या तमिळनाडूला त्रिभाषा सूत्र असलेले हे धोरण मान्य नव्हते. राज्याने ते कलम वगळून करार करण्याची तयारी दाखवली. केंद्राला ते चालले नाही. भांडण ‘पीएम श्री’चे, अडवणूक ‘समग्र शिक्षा’ची. मे २०२५ मध्ये तमिळनाडूने संविधानाच्या अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात केंद्राविरुद्ध दावा दाखल केला आणि व्याजासह २,२९१ कोटी रुपये मागितले. केरळ आणि पश्चिम बंगालही याच करारावरून केंद्राशी अडले.

राष्ट्रीय धोरण राबवण्याचा आग्रह धरणे हा केंद्राचा अधिकार आहे, कारण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले. मात्र एका योजनेची अट दुसऱ्या योजनेच्या पैशाला बांधणे हे धोरणाच्या आग्रहापेक्षा निराळे. शिवाय ‘समग्र शिक्षा’त केवळ सरकारी शाळांचा खर्च नसतो. खासगी शाळांत २५ टक्के जागांवर प्रवेश घेणाऱ्या गरीब मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्तीही तिच्यातूनच होते. ते पैसे थकल्यामुळे तमिळनाडूत २०२५-२६ चे हे प्रवेश थांबले. मद्रास उच्च न्यायालयात प्रकरण गेले आणि केंद्राने त्या भागापुरती रक्कम सोडल्यावर ऑक्टोबरमध्ये, म्हणजे निम्मे शैक्षणिक वर्ष उलटत आल्यावर, प्रवेश सुरू झाले.

राज्याच्या स्वतःच्या पैशातून चालणाऱ्या गोष्टी मात्र या काळात बंद पडल्या नाहीत. पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळेत न्याहारी देण्याची योजना सप्टेंबर २०२२ मध्ये मदुराईत सुरू झाली, पुढच्या वर्षी सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली आणि २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या अनुदानित शाळांतही पोचली. सिरुसेरीतच तिसरा नमुनाही आहे. गणितज्ञ सी. एस. शेषाद्री यांनी १९८९ साली उभी केलेली चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट २००५ पासून इथे आहे. तिला केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचे अनुदान मिळते, जोडीला खासगी देणग्याही. मध्ये राज्याचा वाटा नाही, आराखड्याची मंजुरी नाही, दुसऱ्या योजनेची अट नाही. उच्च गणिताला जी सोय आहे, ती पाढ्यांना नाही.

आता उपकराकडे परत. करातून जमणाऱ्या पैशातला वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना मिळतो. उपकर मात्र त्या वाटणीच्या बाहेर असतो. २००४ साली प्राथमिक शिक्षणासाठी २ टक्के उपकर लागला, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी १ टक्का वाढला आणि २०१८ पासून आरोग्य मिळवून तो ४ टक्के झाला. हा पैसा राज्यांकडे हक्काने येत नाही. येतो तो योजनेच्या रूपाने, अटींसह. शिक्षणासाठी म्हणून वेगळा घेतलेला पैसाच सर्वांत सहज अडवता येतो.

मराठी मुलुखाला शिक्षण उपकर नवा नाही. मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी असे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी नेमक्या याच पैशावर बोट ठेवले. कर शेतकरी भरतो आणि शिक्षण वरच्या वर्गांना मिळते, ही त्यांची तक्रार. स्थानिक उपकराचा निम्मा भाग प्राथमिक शिक्षणाला द्यावा, ही मागणी. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा दोन तृतीयांश खर्च सरकारचा आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांचा, अशी वाटणी सुचवली होती. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. फुले आणि गोखले यांच्या काळात निदान पैसा गोळा कुठे होतो आणि खर्च कुठे होतो, हे एकाच तालुक्यात पाहता येत होते.

सरकारी पैसा अडला की कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे बोट दाखवले जाते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक नफ्यावरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात, पण त्याच कलमात कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगितले आहे. सिरुसेरीच्या शेजारच्या शाळेला त्यातून संगणक मिळू शकतात. मेळघाटात किंवा धडगावात आयटी पार्क नाही. जिथे कंपनी आहे तिथे शहर आधीच पोचलेले असते, त्यामुळे हा निधी ग्रामीण शाळेची मूळ तूट भरून काढेल, ही अपेक्षा फोल आहे.

महाराष्ट्राने ‘पीएम श्री’च्या करारावर सही केली आहे, म्हणून इथले प्रश्न संपलेले नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. तरी १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (शाळेला किती शिक्षक, हे ठरवणाऱ्या) शासन निर्णयाने २० पर्यंत पटाच्या शाळांत एकच नियमित शिक्षक ठेवून दुसऱ्यासाठी निवृत्त शिक्षकाची वाट दाखवली. इथे सही दिल्लीची नाही, मुंबईची आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे तिचे काम आहे. कलम २२ प्रमाणे समितीने केलेला शाळा विकास आराखडा हाच सरकारी नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार मानायचा आहे. बऱ्याच गावांत हा आराखडा मुख्याध्यापक एकटेच भरतात आणि सदस्य फक्त सह्या करतात. ज्यांची मुले किंवा नातवंडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, त्यांनी समितीच्या पुढच्या बैठकीत यंदाचा आराखडा आणि शाळेच्या खात्यावर आलेली मर्यादा, दोन्ही कागद मागून पाहावेत. आणि ते मार्च उजाडण्याच्या आत पाहावेत.