फोन उचलणारे मतदार

३१ डिसेंबर २००७च्या रात्री ‘डे मॉइन रजिस्टर’ या आयोवातल्या वृत्तपत्राने कॉकसपूर्वीची, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या सभांपूर्वीची, आपली शेवटची मतचाचणी जाहीर केली. डेमोक्रॅटिक पक्षात बराक ओबामा ३२ टक्के, हिलरी क्लिंटन २५, जॉन एडवर्ड्स २४. क्लिंटन यांचे प्रमुख रणनीतिकार मार्क पेन या आकड्यांवर तुटून पडले. कॉकसला येणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक आयुष्यात पहिल्यांदाच येणार आहेत आणि ४० टक्के कुठल्याच पक्षात नोंद नसलेले आहेत, असं ही चाचणी सांगत होती. असं आजवर कधी झालंच नाही, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो खरा होता.

तीन दिवसांनी, ३ जानेवारीला, शाळांच्या व्यायामशाळांत आणि चर्चच्या तळघरांत लोक मावेनासे झाले. २००४ साली डेमोक्रॅटिक कॉकसला सव्वा लाखाच्या आसपास माणसं आली होती, या वेळी २ लाख ३९ हजार आली. ओबामांना जवळपास ३८ टक्के मिळाले, क्लिंटन तिसऱ्या. दारावर घेतलेल्या कलचाचणीत पहिल्यांदा येणारे निघाले ५७ टक्के. बिगरपक्षीय मात्र २०च टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे चाचणीचा तपशील सगळा बरोबर नव्हता, पण लाट तिने पकडली होती.

ही चाचणी अ‍ॅन सेल्झर यांची. त्यांची पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. संगणकाने मतदारयादीतून नंबर काढायचे, माणसांनी फोन करायचे आणि विचारायचं: कॉकसला नक्की जाणार, बहुधा जाणार, की नाही? वय, लिंग, प्रदेश यांचं प्रमाण यादीशी जुळवून घ्यायचं. गेल्या वेळी कोण आलं होतं, त्यावरून या वेळी कोण येणार हे मात्र ठरवायचं नाही. इतर बहुतेक संस्था नेमकं तेच करायच्या, आणि अननुभवी मतदारांना चाळणीतूनच बाहेर टाकायच्या.

कॉकससारख्या प्राथमिक निवडणुकीची चाचणी सार्वत्रिक निवडणुकीपेक्षा कितीतरी अवघड आहे, ती इथे. सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असल्यामुळे पक्षनिष्ठेचा खुंटा नसतो. मतं शेवटच्या आठवड्यात फिरतात. आयोवाची लोकसंख्या तीस लाख, आणि त्यातले थोडेच जानेवारीच्या थंडीत संध्याकाळी सातला घराबाहेर पडून, सगळ्यांदेखत आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. डेमोक्रॅटांची तेव्हाची रीत अशी होती की बहुतेक ठिकाणी १५ टक्के लोक न जमलेल्या उमेदवाराच्या माणसांना दुसऱ्याकडे जावं लागे. चाचणी घेणाऱ्याला ज्या गर्दीचा नमुना घ्यायचा असतो, ती गर्दी अजून जमलेलीच नसते. ८०० जणांच्या नमुन्यात साडेतीन टक्के इकडेतिकडे, असं आकड्याखाली छापलेलं असतं. ते फक्त नमुन्यातल्या योगायोगाचं माप आहे. कोण येणार हा अंदाजच चुकला, तर त्याची भरपाई त्या साडेतीन टक्क्यांत नसते.

पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायरने हे सगळ्यांच्या गळी उतरवलं. ८ जानेवारीच्या मतदानाआधी चाचण्या सरासरीने ओबामांना आठेक टक्क्यांची आघाडी देत होत्या, गॅलपच्या चाचणीत तर ती १३ होती. निकाल लागला क्लिंटन ३९, ओबामा साडेछत्तीस. त्याच राज्यात, त्याच दिवशी रिपब्लिकन पक्षात मात्र जॉन मॅकेन जिंकणार हा अंदाज बरोबर ठरला.

त्या रात्री वाहिन्यांवर दोन कारणं फिरू लागली. आदल्या दिवशी पोर्ट्समथच्या एका कॅफेत क्लिंटन यांचे डोळे भरून आले होते, ते चित्र देशभर दाखवलं गेलं होतं. दुसरं कारण ‘ब्रॅडली परिणाम’: कृष्णवर्णीय उमेदवाराबाबत गोरे मतदार फोनवर खरं बोलत नाहीत, हा १९८२च्या कॅलिफोर्नियातल्या टॉम ब्रॅडली यांच्या पराभवापासूनचा संशय. सर्वेक्षण करणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेने मायकेल ट्रॉगॉट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल मार्च २००९मध्ये आला. या सगळ्या काळातला तो मला सर्वांत मोलाचा कागद वाटतो, कारण त्याने एकच खलनायक शोधायचं नाकारलं. लोक खोटं बोलले याचा ठोस पुरावा समितीला मिळाला नाही. अनेक संस्थांनी फोन करणं लवकर थांबवलं होतं. मतपत्रिकेवर सगळीकडे नावांचा एकच क्रम होता, त्यात क्लिंटन वरच्या भागात आणि ओबामा खालच्या भागात होते. त्याचाही थोडा हातभार लागला असावा.

पण अहवालातली एक बारीक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. जे लोक पहिल्या फोनला भेटले नाहीत, ज्यांना पुन्हा पुन्हा फोन करावा लागला, त्यांचा कल क्लिंटन यांच्याकडे जास्त होता. दोन निवडणुकांमध्ये पाच दिवस. त्यात पुन्हा पुन्हा फोन करायला वेळ कुणाकडे होता? संध्याकाळी घरी असणारा, फोन जवळ असणारा, राजकारणावर बोलायला उत्सुक असणारा मतदार पटकन सापडतो. दुहेरी पाळी करणारी बाई सापडत नाही, आणि मतदान तर तीही करते.

समितीला माहिती द्यायला काही संस्था सहज तयार झाल्या, काहींनी महिने लावले. अटलांटाच्या एका कंपनीने माहिती दिलीच नाही, म्हणून संघटनेने तिच्यावर जाहीर ठपका ठेवला.

त्यानंतरची वर्षं फोनच्या उताराची. प्यू संशोधन केंद्राच्या सर्वेक्षणांत १९९७ साली निवडलेल्या शंभर नंबरांमागे ३६ जण उत्तर देत, २०१२ साली ९, २०१८ साली ६. सहा जणांवरून उरलेल्या चौऱ्याण्णवांचं मन सांगायचं. १९९१च्या कायद्यामुळे परवानगीशिवाय यंत्राने मोबाइलवर फोन लावता येत नसे, माणसाने बोटांनी डायल करावं लागे, म्हणून खर्च वाढत गेला. शिवाय चाचणीच्या नावाखाली बदनामी करणारे फोनही आले. २००० साली दक्षिण कॅरोलिनात मॅकेन यांच्याबद्दल, नोव्हेंबर २००७मध्ये आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये मिट रॉम्नी यांच्या मॉर्मन पंथाबद्दल. अशा फोनने पोळलेला माणूस पुढच्या वेळी खऱ्या मुलाखतकारालाही दाद देत नाही. २०१५ साली गॅलपसारख्या संस्थेने प्राथमिक निवडणुकीतल्या ‘कोण पुढे’ चाचण्यांतून अंग काढून घेतलं.

आयोवात सेल्झर फोन करत राहिल्या. २०१२मध्ये त्यांच्या चाचणीच्या चार दिवसांच्या एकत्रित आकड्यात रिपब्लिकन उमेदवार रिक सँटोरम १५ टक्क्यांवर होते, पण शेवटच्या दोन दिवसांत २१वर चढलेले, आणि हे त्यांनी स्वतंत्रपणे नोंदवलं. सँटोरम अखेर ३४ मतांनी जिंकले. २०१६मध्ये त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना पहिलं दाखवलं, आले टेड क्रूझ.

आणि मग १ फेब्रुवारी २०२०. शनिवारी रात्री सीएनएनवर खास कार्यक्रमात शेवटची चाचणी जाहीर व्हायची होती. त्याआधी आयोवातल्या एका मतदाराने तक्रार केली की फोनवर वाचलेल्या नावांत डेमोक्रॅटिक उमेदवार पीट बुटिजेज यांचं नाव नव्हतं. शोध घेतल्यावर कळलं की फोनकेंद्रातल्या एका मुलाखतकाराने नीट वाचता यावं म्हणून पडद्यावरची अक्षरं मोठी केली होती, आणि त्यामुळे यादीतलं एक नाव पडद्याबाहेर गेलं असावं. असं किती मुलाखतींत घडलं हे खात्रीने सांगता येईना. सेल्झर, रजिस्टर आणि सीएनएन यांनी अख्खी चाचणी मागे घेतली. कॉकसच्या निकालात राज्य प्रतिनिधींच्या हिशेबात बुटिजेजच निसटते पुढे राहिले. खर्च, तयारी, देशभराची उत्सुकता, हे सगळं एका शंकेपुढे बाजूला ठेवणारे लोक मला अचूक आकडा देणाऱ्यांइतकेच विश्वासाचे वाटतात.

जानेवारी २०२४च्या कॉकसआधी त्यांनी ट्रम्प यांना ४८ टक्के दिले, मिळाले ५१. निकी हेली आणि रॉन डिसँटिस यांचा क्रम मात्र उलटा लागला. मग नोव्हेंबरची सार्वत्रिक निवडणूक आली. तीच पद्धत, तोच फोन, आणि आकडा: आयोवात कमला हॅरिस ४७, ट्रम्प ४४. ट्रम्प १३ टक्क्यांनी जिंकले. २००७ साली अविश्वसनीय वाटलेला आकडा न दडपता छापला म्हणून ज्या चाचणीचं नाव झालं, तिने २०२४मध्येही अविश्वसनीय आकडा तसाच छापला, आणि या वेळी ती तोंडघशी पडली. नावाच्या भीतीने आकडा गिळणाऱ्या संस्था अशा वेळी सुखरूप राहतात. त्या सुखरूपपणाचा वाचकाला उपयोग काय, हा प्रश्न मला अजून सतावतो.

त्याच महिन्यात सेल्झर यांनी निवडणूक चाचण्यांतून निवृत्ती जाहीर केली. डिसेंबरमध्ये ट्रम्प यांनी त्यांच्यावर आणि रजिस्टरवर ग्राहक-फसवणुकीच्या कायद्याखाली दावा ठोकला. दरम्यान सेल्झर यांनी आपली आकडेवारी, भार देण्याची रीत, नमुन्याची रचना तपासून पाहिली आणि तो तपशील लोकांसमोर ठेवला. चूक नेमकी कुठे झाली, याचं स्पष्ट उत्तर त्यांना त्यात मिळालं नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं.