डोंगरवाटा (भाग ७) : टेबल माउंटनला वळसा

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, माउंट बेकर या ३,२८६ मीटर उंचीच्या बर्फाच्छादित ज्वालामुखीजवळ टेबल माउंटन उभा आहे. उंची जेमतेम १,७५० मीटर, माथा सपाट. त्याला वेढा घालणारी ‘चेन लेक्स’ ही वाट सुमारे साडेदहा किलोमीटरची असून एका दिवसात आरामात पुरी होते.

हा सपाट माथा लाव्ह्याचा आहे. सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी वाहत आलेला अँडेसाइट लाव्हा त्या वेळच्या दरीत साचून गोठला. पुढे हिमनद्यांनी दोन्ही बाजूंचे डोंगर खरवडून नेले, कठीण लाव्हा मात्र टिकला. त्यामुळे जुन्या दरीचा तळ आज डोंगरमाथा झाला आहे. गोठताना आकसलेल्या लाव्ह्याचे उभे खांब हेदर मेडोज परिसरात रस्त्यालगतच दिसतात. कोल्हापूरजवळच्या बांदिवड्याचे बेसाल्ट स्तंभ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते ओळखीचे वाटतील.

वाट साधारण १,५५० मीटरवरील आर्टिस्ट पॉइंटच्या वाहनतळावरून निघते. डोंगर उजव्या हाताला ठेवून चालायचे, म्हणजे ही रीतसर प्रदक्षिणाच. दक्षिण उतारावरची पायवाट जवळजवळ सपाट आहे आणि समोर बेकर उघडा दिसतो. टार्मिगन रिजचा फाटा सोडला की उतार लागतो व माझामा तळे येते. त्यापुढचे आइसबर्ग तळे सर्वांत देखणे. डोंगराचा कडा त्याच्यावर सावली धरून असल्याने भर उन्हाळ्यातही पाण्यात बर्फाचे तुकडे तरंगताना दिसतात. शेजारच्या हेज आणि आर्बथनॉट तळ्यांकडे वेगळी वाट फुटते. वेळ हाताशी असेल तर ती चुकवू नये. ही सारी तळी हिमनद्यांनी कोरलेल्या खोलगटांत साचली आहेत.

तळ्यांपासून हर्मन खिंडीपर्यंत चढ आहे. खिंडीत पोहोचताच पूर्वेला माउंट शक्सन समोर येतो. पलीकडे दगडधोंड्यांतून वाट बॅगली तळ्यांकडे उतरते. खडकांच्या फटींतून पायका या चिमुकल्या प्राण्याची शीळ ऐकू येते. येथे चाल संपली असे वाटते. प्रत्यक्षात आर्टिस्ट पॉइंट अजून अडीचशे मीटरांहून अधिक वर असतो आणि दमलेल्या पायांना हाच चढ सर्वांत जड जातो. तो आधीच उरकायचा असेल, तर बॅगली तळ्यांपासून सुरुवात करावी.

पॅसिफिकवरून येणारे दमट वारे येथे अफाट हिम ओततात. १९९८-९९ च्या हंगामात जवळच्या स्की केंद्रावर सुमारे २९ मीटर हिमवृष्टी नोंदली गेली, हा जागतिक विक्रम होता. आर्टिस्ट पॉइंटचा रस्ता बहुधा जुलैमध्ये खुला होतो, शरदात पुन्हा बंद. खिंडीच्या उतारावर रस्ता खुला झाल्यानंतरही बर्फ टिकतो व पाय घसरण्याचा धोका असतो. म्हणून ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरअखेर हाच सोयीचा काळ. सप्टेंबरात वाटेवरच्या झुडपांवर हकलबेरीही पिकलेल्या असतात.