धडधडत्या हृदयावर टाके

शस्त्रक्रियेची वाटचाल : लेखांक १२

मागच्या लेखांकात छातीला जखम झाल्यावर फुप्फुस कसं मिटतं आणि बरगड्यांमधून नळी घालून ते पुन्हा कसं फुलवतात, ते पाहिलं. आज सुरा किंवा बंदुकीची गोळी थेट हृदयात शिरली तर काय होतं आणि काय करता येतं, ते समजून घेऊ.

वार काळजात गेला म्हणजे माणूस गेलाच, असं आपण धरून चालतो. एकोणिसाव्या शतकात बहुतेक शल्यविशारदही असंच मानत. १८९६ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने छातीच्या शस्त्रक्रियांवरच्या ग्रंथात लिहिलं, की हृदयाच्या बाबतीत शस्त्रक्रियेने निसर्गाने आखलेली मर्यादा बहुधा गाठली आहे. ती मर्यादा त्याच वर्षी ओलांडली गेली.

जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये ७ सप्टेंबर १८९६ रोजी बागकाम करणाऱ्या २२ वर्षांच्या तरुणाला कुणीतरी छातीत भोसकलं. ९ तारखेला त्याची प्रकृती झपाट्याने ढासळली, तेव्हा डॉ. लुडविग रेन यांनी त्याची छाती उघडली. हृदयाभोवतीच्या आवरणातून रक्त येत होतं. आवरण कापल्यावर उजव्या जवनिकेवर, म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यावर, सुमारे दीड सेंटिमीटरची जखम दिसली. रेन यांनी ती बोटाने दाबून धरली. हृदय आकुंचन पावून सैल पडलं, की त्या क्षणी सुई घालायची, असं करत त्यांनी रेशमी धाग्याचे तीन टाके घातले. रक्त थांबलं. पुढे छातीत पू झाला, तोही काढावा लागला. पण रुग्ण वाचला.

हा पहिला प्रयत्न नव्हता. १८९५ मध्ये नॉर्वेत अॅक्सेल कॅपेलेन यांनी आणि १८९६ च्या मार्चमध्ये रोममध्ये ग्विदो फारिना यांनी हृदयाला टाके घातले होते. त्यांचे रुग्ण काही दिवसांतच दगावले. रेन यांच्या यशानंतर मात्र इतरांना धीर आला. १९०२ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात डॉ. ल्यूथर हिल यांनी तेरा वर्षांच्या मुलाच्या डाव्या जवनिकेची जखम त्याच्या घरीच, टेबलावर, रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात शिवली आणि तो जगला. १९०७ मध्ये रेन यांनी जगभरातल्या अशा १२४ रुग्णांची नोंद गोळा केली. त्यांतले सुमारे ४० टक्के वाचले होते. रक्तपेढ्या नव्हत्या, प्रतिजैविकं नव्हती, त्या काळातला हा आकडा आहे.

हे कसं शक्य झालं, ते हृदयावरणाकडे पाहिलं की कळतं. हृदय एका चिवट, दुपदरी पिशवीत असतं. तिच्यात एरवी थोडासाच द्रव असतो आणि ती एकाएकी ताणली जात नाही. भोसकलेल्या जखमेतून निघालेलं रक्त या पिशवीत कोंडतं. बाहेरचा दाब वाढला की हृदयाला नीट पसरता येत नाही. पसरता आलं नाही तर ते भरत नाही, आणि भरलं नाही तर पुढे ढकलायला रक्तच उरत नाही. साधारण १०० ते २०० मिलीलिटर रक्त झपाट्याने साचलं, तरी प्राणावर बेततं. यालाच डॉक्टर ‘कार्डिअॅक टँपोनाड’ म्हणतात. गंमत नव्हे, पण विलक्षण गोष्ट अशी की हाच दाब काही काळ जखमेवर आतून पट्टी बांधल्यासारखा राहतो आणि रक्त वाहून जाऊ देत नाही. फ्रँकफर्टचा तरुण दोन दिवस तग धरू शकला, त्यामागे हेच असणार. गोळी मात्र पिशवीलाही मोठं भगदाड पाडते. रक्त छातीत ओतलं जातं. म्हणूनच गोळी लागलेल्यांपेक्षा भोसकलेले रुग्ण अधिक वाचतात.

खालावलेला रक्तदाब, मानेच्या फुगलेल्या शिरा आणि दबलेले हृदयध्वनी ही टँपोनाडची तीन लक्षणं क्लॉड बेक यांनी १९३५ मध्ये मांडली. तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही. त्यामुळे आता रुग्ण खाटेवर असतानाच सोनोग्राफीने पिशवीत रक्त आहे का, ते पाहतात.

नाडी टिकून असेल तर रुग्णाला तातडीने ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात. ती नुकतीच थांबली असेल, तर अपघात विभागातच डाव्या बरगड्यांमधून छाती उघडतात. आवरण उभं कापतात, कारण त्याच्या बाजूने श्वासपटलाची नस जाते आणि तिला धक्का लागता कामा नये. गुठळ्या काढल्या की हृदय अनेकदा पुन्हा जोर धरतं. मग छिद्रावर बोट ठेवायचं. टाके घालताना स्नायू फाटू नये म्हणून धाग्याखाली कापडासारख्या छोट्या पट्ट्या ठेवतात आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीजवळची जखम असेल, तर ती वाहिनी आवळली जाणार नाही अशा बेताने टाका तिच्याखालून नेतात.

या साऱ्या कौशल्याला मिनिटांचाच अवधी असतो, आणि ती मिनिटं रुग्णालयाबाहेरच सुरू होतात. म्हणून छातीत रुतलेला सुरा कधीही उपसू नये. जखम तोच बुजवून धरत असतो. तो हलणार नाही असा आधार द्यावा, पाणी पाजत बसू नये, १०८ ला फोन करावा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलं जवळचं रुग्णालय गाठावं. हृदयाची जखम शिवता येते, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे. रुग्ण वेळेत टेबलापर्यंत पोचेल, याची व्यवस्था उभी करणं हे आता समाज म्हणून आपलं काम आहे.

पुढील लेखांकात : दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या हृदयात अडकलेले धातूचे तुकडे ड्वाइट हार्केन यांनी कसे काढले.